मदरबोर्ड अकोल्यात, गाडी अमरावतीत

हे लिहावं की नाही यातच दोन महिने गेले. मी अमरावतीत ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. चौकात कुणी उतारा टाकलेला दिसला की त्यातलं लिंबू उचलून पोरांना दाखवणारा मास्तर, अशी माझी ख्याती. या सदरातले अघटित अनुभव मी आजवर चहाबरोबर हसायला वाचत आलो. आता माझ्यावर कुणी हसलं तरी हरकत नाही, फक्त शेवटपर्यंत वाचा. मला खरंच मदत हवी आहे.

माझे बाबा रेल्वेत लोको पायलट होते. बडनेऱ्याहून मालगाड्या न्यायचे. रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती, आणि या फेब्रुवारीत त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, पहिले काही महिनेच महत्त्वाचे... जे परत यायचं ते याच दिवसांत येईल. फिजिओथेरपीच्या मॅडमनी दिलेला रबरी चेंडू बाबांनी डाव्या हातानं भिंतीवर फेकून मारला. ‘अ’ म्हणा म्हटलं की तोंड फिरवायचे. अख्खी मालगाडी आपल्या हिमतीवर ओढणारा माणूस, त्याला बालवाडीत बसवलं तर तो दुसरं काय करणार?

घरात माझा एक जुना गेम कन्सोल होता, लग्नाआधी घेतलेला. त्यात रेल्वे चालवायचा एक गेम होता. काहीच सुचेना म्हणून एक दिवस तो लावला आणि कंट्रोलर बाबांच्या उजव्या हातात देऊन वरून माझा हात धरला. टीव्हीवर इंजिनाच्या काचेतून दिसणारे रूळ आले आणि बाबा ताठ बसले.

इथं एक सांगायला हवं. इंजिनात दोघं असतात — पायलट आणि त्याचा असिस्टंट. पुढचा सिग्नल दिसला की असिस्टंट त्याचा रंग मोठ्यानं पुकारतो. पायलटनं तो आपल्या डोळ्यांनी बघायचा आणि मग तसाच मोठ्यानं परत पुकारायचा. प्रत्येक सिग्नलला, सगळा जन्म. लहानपणी बाबांच्या स्कूटरवर पुढे उभा राहून मी राजापेठच्या चौकात असंच पुकारायचो आणि ते मागून उत्तर द्यायचे. तर त्या दिवशी टीव्हीवर सिग्नल आला आणि मी सवयीनं म्हणालो, "ग्रीन."

"ग्रीन," बाबा म्हणाले.

आई कणकेच्या हातानं धावत आली. सात आठवड्यांनी निघालेला पहिला शब्द होता तो.

एप्रिलभर आम्ही रोज गाडी चालवली. ग्रीन, यलो, डबल यलो — म्हणजे दोन पिवळे दिवे, पुढे वेग कमी करायची सूचना. मी पुकारलं की ते बघायचे, मग बोलायचे. ब्रेकच्या बटणावरचं बोट हळूहळू माझ्या मदतीशिवाय दाबायला लागलं. मग गेमच्या बाहेरही एखादा शब्द यायला लागला — पाणी, पंखा, एकदा तर आईचं नाव. आईला त्यांनी नावानं हाक मारलेली मी जन्मात ऐकली नव्हती. आई लाजली आणि मग रडली.

मग मे आला. अकोला-अमरावतीचा मे काय असतो ते इकडच्यांना सांगायला नको. त्यात कन्सोलचं हे मॉडेल मुळातच बदनाम. आतली मोठी चिप तापते, तिच्याखालचे सोल्डरचे बारीक मणी तडकतात आणि एक दिवस लाल दिवा लागतो तो कायमचा. मला हे माहीत होतं. कन्सोल तापून मध्येच बंद पडायला लागला तेव्हा मी शहाण्यानं काय केलं, तर तो कूलरच्या तोंडासमोर ठेवला. आमच्याकडे मे महिन्यात सगळंच कूलरसमोर ठेवतात — माणसं, भाजी, फिरून आलेला पाहुणा. आमच्या कूलरमध्ये बोअरचं पाणी असतं. त्या पाण्याचा जाळ्यांवर पांढरा थर धरतो, तो मी दर उन्हाळ्यात घासून काढतो, आणि तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. बारा दिवसांत लाल दिवा लागला.

त्यानंतर मी जे जे केलं ते आठवलं की स्वतःची कीव येते. इंटरनेटवर वाचून तो टॉवेलमध्ये गुंडाळून मुद्दाम तापवला. दोन दिवस चालला, पुन्हा मेला. सेकंडहँड आणला, तो चार दिवसांत बंद पडला आणि परत केला. नव्या कन्सोलवर तो गेम चालतच नाही. अमरावतीतल्या दोन दुकानांनी हात वर केले. आणि इकडे बाबा मिटत चालले. आधी शब्द गेले, मग जेवण चार घासांवर आलं. कंट्रोलर मात्र हातातून सोडत नव्हते. झोपेतसुद्धा नाही. डॉक्टरांनी सांगितलेले ते महिने संपत आले होते आणि मी कॉलेजच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडत होतो.

कुणीतरी अकोल्याच्या वसीमभाईंचं नाव सांगितलं, जुन्या कन्सोलचे डॉक्टर म्हणून. जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याहून निघालो. कन्सोल, त्याचा विटेएवढा ॲडॉप्टर, वायरी, सगळं पिशवीत होतं. डिस्क पुन्हा जुन्यात घालून पाहिली होती ती अडकली, तीही तशीच आत.

वसीमभाईंनी माझ्यासमोर कन्सोल खोलला. बोर्ड बाहेर काढून उलटा केला आणि भिंगाखाली धरला.

"सर, हा कूलरसमोर ठेवत होते काय?"

मी हो म्हणालो. बोर्डाच्या खालच्या अंगाला कूलरच्या जाळीसारखा पांढरा थर चढला होता. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. बाबांची वाचा परत आली होती आणि ती मी माझ्या हातानं घालवली, दुसऱ्या कुणी नाही. वसीमभाई म्हणाले, चिप काढून नवे मणी बसवून पाहू, भरवसा नाही. मशीनखाली बोर्ड तापवून त्यांनी चिप उचलली आणि एका स्टीलच्या झाकणात ठेवली. अडकलेली डिस्क काढून माझ्या हातात दिली. दुपारचे पावणेएक वाजले होते. घड्याळ माझ्या समोरच होतं.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"काहून रे, तू गेम लावून गेल्ता काय? तुहे बाबा बोलून राहिले."

मला वाटलं, बाबा काहीतरी बरळतायत. काय म्हणतायत विचारलं, तर म्हणाली, गाडी चालवून राहिले, टीव्हीवर गाडी चालू आहे. मी म्हणालो, आई, ते कुठलं तरी चॅनल असेल. ती म्हणाली, मग हे बटण दाबतात तशी गाडी हळू काहून होते? मी फोन कापला आणि व्हिडिओ कॉल केला.

चित्र हलत होतं, पण दिसत होतं. टीव्हीखालचा फळीचा कप्पा रिकामा. धुळीत कन्सोलचा चौकोन तेवढा उमटलेला. आणि टीव्हीवर आमचीच गाडी, आमचाच तो मार्ग, भरधाव. बाबा ताठ बसलेले, कंट्रोलर उजव्या हातात. डावा हात मांडीवर. समोर सिग्नल आला. बाबा थांबले, मान किंचित उजवीकडे केली, जसं शेजारचा काही बोलेल म्हणून ऐकतात तशी. आणि मग खणखणीत आवाजात म्हणाले, "डबल यलो."

वसीमभाई माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांनी फोनकडे बघितलं, झाकणातल्या चिपकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या डिस्ककडे. हळूच खुर्ची मागे सरकवून ते उभे राहिले.

मी ओरडलो, "बाबा!"

"लक्ष समोर ठेव," बाबा म्हणाले. स्पष्ट. संपूर्ण वाक्य. चार महिन्यांत पहिलं.

मग "यलो" आला. मी पुकारलं, त्यांनी पुकारलं. गाडी हळू झाली. मी हसत होतो की रडत होतो, माहीत नाही. अकोल्याच्या त्या दुकानात उभा राहून मी सिग्नल पुकारत होतो आणि माझा बाप अमरावतीतून उत्तर देत होता. आणि मग वळणावरून पुढचा सिग्नल दिसला. लाल.

त्या गेममध्ये मी तिथं कधी लाल पाहिला नव्हता. खरं सांगतो, मला क्षणभर गप्प बसावंसं वाटलं. गाडी थांबली की हे सगळं थांबेल, असं कुठंतरी वाटून गेलं. पण छत्तीस वर्षांत बाबांनी एकही लाल सिग्नल ओलांडला नव्हता. ही एकच गोष्ट ते लग्नकार्यात अनोळखी माणसालाही सांगायचे. माझ्या गप्प बसण्यानं त्यांच्याकडून तो आज ओलांडला गेला असता तर? मी म्हणालो, "रेड."

"रेड," बाबा म्हणाले. उजव्या हाताची पाची बोटं कंट्रोलरभोवती घट्ट आवळली गेली. गाडी सिग्नलच्या अलीकडे येऊन उभी राहिली. टीव्ही काळा झाला.

मिळेल त्या गाडीनं घरी आलो. बाबा तसेच बसून होते. उजवा हात आता चालतो. चमचा धरतात, बटणं लावतात, डॉक्टरांनाही नवल वाटलं. पण त्या दुपारपासून एक शब्द नाही.

वसीमभाईंनी नवे मणी टाकून चिप बसवली, पण बोर्ड काही जिवंत झाला नाही. पैसे घेतले नाहीत आणि पुन्हा हा विषय काढू नका म्हणाले. वायरिंग, शेजारचा वायफाय, टीव्हीची मेमरी — फिजिक्सच्या मास्तराला सुचेल ते सगळं मी तपासलं. काही हाती लागलं नाही. मग नागपूरहून तोच कन्सोल चालू स्थितीतला मिळवला, तीच डिस्क घातली. पहिलाच सिग्नल हिरवा आला, मी पुकारला. बाबांनी त्या गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. आईनंच मला तो बंद करायला सांगितलं.

"थ्या गाडीत नाहीत ते," ती म्हणाली. "त्यायची गाडी सिग्नलपाशी उभी आहे."

बाबांनीच एकदा शिकवलं होतं, लाल सिग्नलला उभी केलेली गाडी तो बदलल्याशिवाय हलवायची नाही, किती का वेळ लागेना. म्हणून मी रोज कॉलेजमधून आल्यावर त्यांच्या शेजारी बसतो. समोर बंद टीव्ही असतो. मी म्हणतो, "ग्रीन." बाबा त्या काळ्या काचेकडे नीट बघतात, त्यांच्या कामाच्या सवयीप्रमाणे, आपल्या डोळ्यांनी. मग माझ्याकडे वळून नकारार्थी मान हलवतात. अजून नाही.

हे कसं झालं ते कुणाला सांगता आलं तर सांगा. पण त्याआधी, तो सिग्नल बदलायचा कसा हे कुणाला माहीत असेल तर मला आजच कळवा.