थर्मोकोलच्या घारीची नोंदणी

“मॅडम, कॅमेरा कुठे लपवलाय ते तुमच्या क्लायंटला सांगायला लावा. मग पुढचं बघू,” फौजदार म्हणाले.

टेबलावर थर्मोकोलची घार पडली होती. पंख टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले, पोटाला तपकिरी ऑइलपेंट, नाकावर प्लॅस्टिकचा छोटा पंखा. कॅमेरा शोधायला एका हवालदाराने तिचं पोट सुरीने चिरलं होतं. आत बॅटरी निघाली, दोन छोट्या मोटारी निघाल्या आणि वाळलेला गोंद निघाला. कॅमेरा निघाला नाही. यावरून फौजदारांनी काढलेला निष्कर्ष असा, की तो फारच हुशारीने लपवलेला असणार.

मी मुरबाडच्या कोर्टात बरीच वर्षं वकिली करते. बांधावरची भांडणं, वारसांच्या नोंदी, पोटगी हे माझं रोजचं काम. विमानाचा आरोपी पहिल्यांदाच आला. ठाणं कुठलं ते सांगत नाही. उगाच एकाच ठाण्याचं नाव खराब कशाला करायचं?

आरोपी म्हणजे मनोज देसले. धसईच्या आतल्या बाजूला त्याचं गाव. वय सव्वीस, आयटीआय झालेला, गावातले पंप आणि पंखे दुरुस्त करणारा. मोबाइलवर व्हिडिओ बघून तो उडणारी मॉडेल बनवायला शिकला. मॉडेल म्हणजे हौशी लोक रिमोटवर उडवतात ते लहान विमान. ह्याने त्याला घारीचा आकार दिला, कारण त्याला घारी आवडतात. एवढाच त्याचा गुन्हा.

तक्रार केली होती गावाबाहेरच्या फार्महाउसवाल्याने. हा गृहस्थ मुंबईहून शनिवारी येतो आणि रविवारी परत जातो. उरलेला आठवडा त्याच्या स्विमिंग पूलमध्ये बेडकं पोहतात. आपण पाण्यात असताना आपल्यावर ड्रोनने पाळत ठेवली जाते, असं त्याने लिहून दिलं. त्याच्यावर पाळत ठेवून कुणाला काय मिळणार होतं, हा प्रश्न कुणीच विचारला नाही. फार्महाउसवाल्याला असे प्रश्न विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. पोलीस गेले, मनोजच्या हातातून घार घेतली, पंचनामा केला. पंचनामा म्हणजे जागेवर काय सापडलं याची साक्षीदारांसमोर केलेली नोंद. त्यात त्यांनी ‘चार पंखे असलेला ड्रोन’ असं लिहिलं. आधी एका लग्नाच्या फोटोग्राफरचा ड्रोन पकडला होता, तोच मजकूर कॉम्प्युटरवर तयार होता. घारीला पंखा एकच होता, पण मजकूर बदलायचे कष्ट कोण घेणार?

एरवी मी हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण मनोजची एका सरकारी महामंडळात टेक्निशियन म्हणून निवड झाली होती. पोलिसांची चारित्र्य पडताळणी तेवढी बाकी होती. ती ह्याच ठाण्यातून जायची होती. त्यात ‘गुन्हा दाखल’ एवढे दोन शब्द आले, की नोकरी गेली. त्यांच्या घरात पगाराची नोकरी अजून कुणी पाहिली नव्हती.

“साहेब, हे मॉडेल आहे,” मी म्हटलं. “ड्रोनच्या नियमात मॉडेलची वेगळी व्याख्या आहे. पंचवीस किलोच्या आत वजन, नजरेच्या टप्प्यात उडवायचं, आणि वापर फक्त शिक्षण, संशोधन, चाचणी नाहीतर करमणूक यासाठी.”

“मग नोंदणी नंबर कुठाय?”

इथे मात्र ते बरोबर होते. मॉडेल असलं तरी सरकारी पोर्टलवर नोंदवून नंबर घ्यावा लागतो आणि मनोजने तो घेतला नव्हता. असा काही नियम असतो, हे त्यालाच काय, फौजदारांनाही आदल्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं.

शेवटी ते म्हणाले, “नंबर आणा. आणि हे करमणुकीचंच आहे असे जबाब द्या. मग मी समज देऊन सोडतो.”

समज देणं म्हणजे गुन्हा न नोंदवता ताकीद देणं. मला तेवढंच हवं होतं.

“नोंदणीसाठी विमान लागेल, साहेब. फोटो, वजन, सगळं विचारतात.”

“विमान मुद्देमाल आहे. नंबर आल्याशिवाय सोडता येणार नाही.”

मुद्देमाल म्हणजे जप्त केलेली वस्तू. विमान मिळाल्याशिवाय नंबर नाही आणि नंबर मिळाल्याशिवाय विमान नाही. हे बोलताना फौजदारांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मी त्यांच्याकडे नीट बघितलं. ते थट्टा करत नव्हते.

शेवटी मनोजने ठाण्यातच घारीचा फोटो काढला. वजनासाठी समोरच्या भाजीवाल्याचा काटा आणला. हवालदारांनी काट्यावर घार धरली, भाजीवाला आकडा वाचत होता आणि दारात गर्दी जमली. मग पोर्टल उघडलं. त्यावर पहिला प्रश्न, उत्पादक कंपनी कोणती? मनोजने स्वतःचं नाव घातलं. मॉडेलचं नाव? ‘घार’. सिरियल नंबर? मनोज माझ्याकडे बघायला लागला.

“किती बनवल्यास?” मी विचारलं.

“ही तिसरी, मॅडम. पहिल्या दोन झाडात गेल्या.”

“तीन घाल.”

दिल्लीत कुणीतरी वातानुकूलित खोलीत बसून हे पोर्टल बनवलं असेल. माणूस हाताने काही बनवू शकतो, ही शक्यता त्याच्या डोक्यात आली नसावी. पोर्टल बरेचदा अडकलं, एकदा सगळं पुसून गेलं, पण शेवटी नंबर आला. मला वाटलं, काम झालं. करमणुकीचे जबाब काय, दोन मिनिटांचं काम.

मग गाव आलं.

मनोजचे वडील शिवराम देसले टेंपो भरून माणसं घेऊन आले. माजी सरपंच, दोन भावकीतले, मनोजची काकू. पोरावर बालंट आलंय म्हटल्यावर साक्षीला जायचं, ही त्यांच्याकडची रीत. कुणीही न बोलावता सगळे आपला दिवस मोडून आले होते. मला त्याचं कौतुकच वाटलं. ते पाचच मिनिटं टिकलं.

“साहेब, पोरगा लय कामाचा हाय,” माजी सरपंच म्हणाले. “हे इमान त्याने राखणीसाठी बनवलाय.”

राखण म्हणजे भात दाण्यावर आलं की पाखरं हाकायची. पोपट आणि चिमण्या थव्याने उतरतात. शेतातल्या उंच माचावर बसून दिवसभर ओरडायचं, डबे बडवायचे, गोफण फिरवायची.

“घार दिसली का पोपट फिरकत नाय,” काकू म्हणाली. “आमच्या पण शेतावर फिरवली त्याने. गावाचा फायदा झाला, साहेब. उनाड नाय आमचा पोरगा.”

फौजदारांनी पेन उचललं. “म्हणजे वापर शेतीच्या कामासाठी.”

“तर,” सगळे एका सुरात म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. कायद्यात मॉडेलला जी सूट आहे, ती फक्त खेळापुरती. त्याने एक पोपट हाकला, की ते कामाचं विमान झालं. कामाच्या विमानाला कंपनीने सरकारकडून घेतलेलं मान्यता सर्टिफिकेट लागतं आणि थर्मोकोलच्या घारीला ते ह्या जन्मात मिळणार नाही. पोराला वाचवायला आलेली ही माणसं एकेक वाक्याने त्याची नोकरी घालवत होती. आणि सगळ्यांचे चेहरे अभिमानाने फुललेले.

मी फौजदारांना म्हटलं, “साहेब, हे गावचं कौतुक झालं. जबाब वडिलांचा घ्या.” आणि शिवरामभाऊंना घेऊन बाहेर आले.

“भाऊ, मनोज खेळतो असं सांगायचं.”

“काय?”

“विमान खेळायला बनवलंय. दुसरा काही उपयोग नाही.”

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी त्यांना पोराला चोर म्हणायला सांगितलं. “मॅडम, सव्वीस वर्षाचा बाप्या खेळतो असा मी साहेबासमोर सांगू? समदा गाव उभा हाय. त्याचा लगीन करायचाय मला. कोन पोरगी देल?”

“राखणीचं सांगितलंत तर नोकरी जाईल. मग कोण देईल?”

पण मला त्यांच्याकडून खोटंही वदवून घ्यायचं नव्हतं. उलटतपासणीत खोटं टिकत नाही, आणि शिवरामभाऊंसारख्या माणसाचं तर अजिबात नाही.

“पोलिसांनी पकडलं, तेव्हा तुमच्या शेतात भात होतं?”

“नाय. कापनी होऊन गेली व्हती. झोडनी पन झाली.”

“मग त्या दिवशी तो कुठले पोपट हाकत होता?”

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, घडी केली, परत घातली. “गावाला मीच सांगितला, राखणीसाठी बनवतो म्हनून,” ते हळूच म्हणाले. “लोक इचारायचे, पोरगा दिवसभर काय करतो. काय सांगनार? राखणीला फिरवला त्याने, खोटा नाय. पन बनवला त्याने त्याच्या जीवासाठी. उडवताना त्याचा तोंड बघा तुमी. लहानपनी असाच हसायचा.”

“हेच आत सांगा.”

आम्ही आत गेलो. गाव भिंतीला टेकून उभं होतं. फौजदारांनी विचारलं, त्या दिवशी विमान कशासाठी उडवलं?

“खेळत व्हता,” शिवरामभाऊ म्हणाले.

काकूने तोंडावर पदर घेतला. माजी सरपंच छताकडे बघायला लागले. मनोज खाली मान घालून उभा होता. फौजदार खुर्चीत मागे रेलले आणि त्यांच्या हवालदारांकडे बघून हसले. “सव्वीस वर्षांचा घोडा, आणि खेळतो?”

त्या माणसाला अधिकारी कुणी केलं, हा प्रश्न मला त्या दिवशी अनेकदा पडला होता. तेव्हा तर संतापाने माझे कान तापले. मी काही बोलणार, तेवढ्यात शिवरामभाऊच बोलले.

“हो साहेब, खेळतो. आनि चांगला खेळतो. लिवा तसा.”

मनोजने मान वर केली. बापाच्या तोंडून असं काही त्याने कधी ऐकलं नसावं. त्याचे डोळे भरले आणि खरं सांगायचं तर माझेही. फौजदारांनी लिहून घेतलं. हसायचं मात्र थांबवलं.

समज देऊन प्रकरण मिटलं. पडताळणी स्वच्छ गेली आणि मनोज नोकरीवर रुजू झाला. घार परत मिळाली, फाटलेल्या पोटासकट. त्याबद्दल कुणी दिलगिरी व्यक्त केली नाही आणि मीही ती मागण्यात वेळ घालवला नाही. फार्महाउसवाल्याने नंतर एक मोठी छत्री आणून स्विमिंग पूलवर लावली, असं ऐकलं.

पुढच्या हंगामात भात दाण्यावर आलं तेव्हा शिवरामभाऊंचा फोन आला. मागे कुणीतरी डबा बडवत होतं.

“मॅडम, पोरगा सुट्टीवर आलाय. पोपट लय आलेत. नंबर चिकटवलाय पंखावर. शेतावरून उडवला तर चालल का?”

मी नियम पुन्हा डोळ्यांसमोर आणला. हौशी माणसाने आपल्या शेतावर, नजरेच्या टप्प्यात, नोंदवलेलं मॉडेल करमणुकीसाठी उडवायला हरकत नाही. त्याच माणसाने, त्याच शेतावर, तेच मॉडेल पोपटांसाठी उडवलं तर हरकत आहे. एवढी वर्षं कायदा वाचून माझ्या हाती हे लागलं, की आपलं सरकार माणसाला खुशाल खेळू देतं. फक्त त्या खेळाचा कुणाला उपयोग होता कामा नये.

“उडवू द्या,” मी म्हटलं. “पण मजेसाठी म्हणून उडवायचं. कुणी विचारलं तर तेच सांगा.”

“आनि पोपट उडाले तर?”

“तो पोपटांचा प्रश्न. तुम्ही तिकडे बघू नका.”