कसून खडतकर

खडतकरसाहेब घरी येणार म्हटलं की मी आधी स्वयंपाकघराचं दार लोटून घेत असे, कारण आत नळ होता. साहेबांना ठिबकणारा नळ चालत नसे आणि न ठिबकणाराही चालत नसे. खांद्यावरच्या कापडी पिशवीतून ते पाना काढत, 'जरा कसून देतो' म्हणत आणि आटे घासून जाईपर्यंत पिळत. नंतर प्लंबर बोलवायचा तो आम्ही. रायपूरच्या समता कॉलोनीतल्या मराठी घरांत त्यांना मागून 'कसून खडतकर' म्हणत. पंख्यांचे स्क्रू, दारांच्या बिजागऱ्या, एकदा तर शेजारच्या आजोबांच्या चष्म्याची दांडी, सगळं त्यांनी कसलं होतं आणि त्यातलं पुष्कळसं मोडलं होतं.

मूळचे वर्ध्याकडचे. सरकारी नोकरीत पूल बांधत इकडे फिरले आणि निवृत्तीनंतर रायपुरातच राहिले. पूल हे त्यांचं शेवटचं उत्तर असे. भाजीत मीठ जास्त झालं तरी ते एखाद्या पुलाचा दाखला देत. माणूस वाईट नव्हता. पण आपल्याला न कळणारी एखादी गोष्ट या जगात असू शकते, अशी शंका त्यांना कधी चाटूनसुद्धा गेली नव्हती.

माझं काम काचेचं. बीरगांवात एका शेडमध्ये माझी विजेची भट्टी आहे. पेटीत काचेचे तुकडे भरायचे, पेटी भट्टीत ठेवायची, काच वितळते आणि पेटीचा आकार घेते. काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, गेल्या त्याला वर्ष होत आलं होतं, तेव्हा एका सकाळी साहेब शेडवर आले. पुरानी बस्तीतल्या एका देवळाच्या ओट्यावर काकू रोज संध्याकाळी दिवा लावत. तिथे वारा फार. वर्षश्राद्धाच्या दिवशी त्या जागी काचेचा आडोसा बसवायचा होता, विटेसारखा जाड, जागचा न हलणारा. मी लगेच हो म्हटलं. काकूंसाठी कुणीही हो म्हटलं असतं.

मग त्यांनी माझी पेटी पाहिली. भट्टीच्या पेट्या मी उष्णता सोसणाऱ्या हलक्या, भुसभुशीत पाट्यांच्या करते. आतून कागदासारखा मऊ थर लावते आणि बाहेरून स्टेनलेसच्या आटेवाल्या सळयांनी पाट्या धरून ठेवते. नट बोटांनीच फिरवायचा आणि पुन्हा थोडा मागे घ्यायचा. तापलं की धातू फुगतो, निवला की आकसतो, त्याला हलायला जागा हवी. साहेबांनी पाटीला नख लावलं, ते आत गेलं.

"ही काय पेटी आहे? ढोकळा आहे हा," ते म्हणाले. "अन् नट काहून सैल ठेवून राहिली? मी पूल बांधले, पोरी. तू मले बोल्ट शिकवून राहिली का?"

मी शिकवतच होते. शिकायला समोर कुणी नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी ते लोखंडी पत्र्याची पेटी घडवून घेऊन आले. बोल्ट चकाचक. हे स्टेनलेस नाही, वर जस्ताचा मुलामा आहे, तापला की घातक धूर निघेल, असं मी सांगितलं. ते ऐकेनात. त्यांनी दुकानात स्टीलच मागितलं होतं आणि दुकानदाराने 'हव' म्हणत मान डोलावून दिलं होतं. दुकानदाराचं काही चुकलं नव्हतं. आपल्या घरात स्टील म्हणजे न गंजणारं भांडं, पण सळयांच्या कारखान्यांनी वेढलेल्या या गावात लोखंडाच्या सगळ्या गोतावळ्यालाच स्टील म्हणतात. जन्मभर सळया मोजून घेतलेल्या या इंजिनिअरने बोल्ट मात्र भांड्यांच्या कपाटासमोर उभं राहिल्यासारखे मागितले होते.

जस्त मी भट्टीत जाऊ दिलं नाही. मग त्यांनी साधा काळा पत्रा आणि काळे लोखंडी बोल्ट आणले, मी आतून लावलेला मऊ थर 'फालतू' म्हणून काढून टाकला आणि पाना दोन्ही हातांनी पिळला. वडीलधाऱ्यांना तोंडावर नाही म्हणायचं वळण आमच्यात नाही. या वळणापायी आजवर किती चांगल्या वस्तूंची माती झाली असेल देव जाणे. भट्टी निवताना लोखंड आकसलं आणि त्याने काच आवळली. उघडून पाहिलं तर काच मधोमध तडकलेली, वर लोखंडाचे काळे पापुद्रे.

"काचच कच्ची होती," साहेब म्हणाले.

त्यानंतर पितळ. पितळ गंजत नाही, आणि "पितळ देवाचं असते." देवाचं असेल, भट्टीचं नव्हतं. बोल्ट मऊ पडले, आटे सुटले आणि वितळलेली काच पेटीतून निघून माझ्या भट्टीच्या तळावर पसरली. ती मी छिन्नीने खरवडत असताना साहेब स्टुलावर बसून मी भट्टी जास्त तापवल्याचं मला समजावत होते.

आता तिथी जवळ आली होती. एवढी जाड काच हळूहळू निवायला दिवस लागतात, त्यामुळे भट्टी एकदाच लावता येणार होती. मी स्पष्ट सांगितलं की पेटी माझ्या पद्धतीने होईल, नाहीतर श्राद्धाला आडोसा नसेल. साहेब उठून पेटीजवळ आले, नटावर बोट ठेवलं.

"किती सैल?" त्यांनी विचारलं.

मी दाखवलं. त्यांनी एकेक नट बोटांनी फिरवला आणि मागे घेतला. चेहरा कुणी जबरदस्तीने कडू काढा पाजल्यासारखा.

काच अखंड निघाली. श्राद्धाच्या संध्याकाळी देवळात ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते की कल्पना त्यांची, पेटी त्यांची, पोरीने फक्त भट्टी लावली.

गेल्या हिवाळ्यात साहेब गेले. कॉलोनीत त्यांची आठवण निघते ती बहुतेक नळांवरून, आणि सगळे हसतात. मीही हसते. पण त्या संध्याकाळी सगळे पांगल्यावर आम्ही दोघंच ओट्यापाशी उरलो होतो, तेव्हाचं मी कुणाला सांगितलेलं नाही. वारा सुटला होता. काचेमागे ज्योत सरळ होती. साहेब तिच्याकडे पाहत होते.

"कित्येक वर्षं म्हणत होती मले," ते म्हणाले. "वाऱ्यानं दिवा विझते, कायतरी करून द्या."

"मग?"

"मी म्हणायचो, विझला तं पुन्हा लाव."

मला त्यांचा राग आला, काकूंच्या वतीने आला, आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही. साहेबांनी काचेवर तळहात टेकवला.

"लावायची बिचारी," ते म्हणाले. "एवढंसं काम होतं, पोरी."