धरमूबापूंचा मुका देश

माझ्याच जिभेनं मला माझ्याच अंगणात दिवसभर कसं बसवून ठेवलं, ते सांगतो. हसा खुशाल, पण माझ्या बायकोसमोर हा विषय काढू नका.

आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या वेळची गोष्ट. दिग्रसजवळ आमच्या गावाला लागून बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथं धरमूबापूंची समाधी. बापू बैलांवर मीठ लादून देशोदेशी फिरले, अशा कथा तांड्यात पुष्कळ. पुण्यतिथीला आम्हा नवराबायकोला बोलावलं, पोटभर लापशी वाढली आणि वर म्हणाले, "तुमी बी एखांदी सांगा."

लापशी अंमळ जास्तच झाली होती. मी बापूंना थेट समुद्रापार नेलं. तिथं एक मुका देश. सूर्य बुडेपर्यंत कोणी बोलत नाही. बापूंनीही एक दिवस तोंड उघडलं नाही, तर त्यांचे आजारी बैल उठून चरायला लागले.

"मंग आमी बी या दिवशी बोलाव नाई का?" तांड्याच्या नाईकानं विचारलं.

इथं तरी थांबावं की नाही माणसानं? मी म्हणालो, "पुढच्या सालापासून पाळा. जो बोलन, त्याच्या हाताचं यश जाईन."

"मान हालवली तं?"

"थे बी बोलनंच झालं."

"अन् खुणा केल्या तं?"

"खुणा तं त्याहून वाईट."

एक फट म्हणून ठेवली नाही बघा.

पुढच्या साली नेमकं त्याच दिवशी सकाळी माझ्या लेकीच्या पोटात कळा सुटल्या. पहिलं बाळंतपण. सुईण एकच, तांड्यातली सोनकी याडी. याडी म्हणजे आई. अख्खा मुलूख तिला तसंच म्हणे. धावत गेलो, तर तांडा चिडीचूप. मला वाटलं, कोणी वारलं. याडीनं माझं ऐकलं, गाठोडं उचललं आणि एक शब्द न बोलता चालू लागली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

दुपारी आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. लेकीचा मात्र हुं की चूं नाही.

"याडी, पोरगी कशी हाय?"

दार किलकिलं झालं. याडीनं उन्हाकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

"अवं, तू तरी सांग," मी बायकोला हाक मारली. पण माझी कथा तिनंही ऐकली होती. तीही गप्प.

मग मी दाराच्या फटीला तोंड लावलं. "याडी, मुका देश कुठंच नाई. बापू समुद्रापार गेलेच नाई. सारं म्या बनवलं. देवाशपथ खोटं हाय. आता तरी बोल वो."

आतून काही नाही. मागं मात्र शेजारी जमले होते. "पोरगी आत बाळंतीन पडली अन् हा बापूले खोटं ठरवून राह्यला," एकजण म्हणाला. मला मान वर करवेना.

दिवस बुडाला. याडी पदराला हात पुसत बाहेर आली.

"पोरगी धड हाय बावा. नात झाली तुले. रगत थांबून नोतं राह्यलं, पन म्या तोंड नाई उघडलं. बापूनं यश देल्लं." मग माझ्याकडे रोखून पाहिलं. "दुपारी काय म्हनत होता तू, बापूबद्दल?"

तिच्या मागं दारात बायको उभी होती, नातीला छातीशी धरून.

"काई नाई याडी," मी म्हणालो. "घाबरलो होतो. खोटं बोललो."

उभ्या जन्मात एकदाच खरं बोललो होतो. तेही परत घ्यावं लागलं.