घाटमाथ्यावरचा बँड आणि आमचे मामेसासरे

आमच्या मामेसासऱ्यांइतका तालाचा सच्चा शत्रू जुन्नर-आंबेगाव या दोन तालुक्यांत आजवर झाला नसेल. आणि नेमके तेच घोडेगावजवळच्या एका हायस्कुलात बँडमास्तर होते. मुळात ते कवायतीचे मास्तर. शाळेला कुणीतरी ढोल-बिगुल देणगी दिले, ते पडून राहू नयेत म्हणून मामांना त्यांच्यामागे लावलं.

तेव्हा माळशेजच्या माथ्यावर हॉटेलवाले पावसाळी पर्यटकांसाठी शाळांच्या बँडची स्पर्धा भरवायचे. त्या स्पर्धेचा साद्यंत इतिहास ऐकणं ही जावई म्हणून माझी दर दिवाळीची शिक्षा होती. "पहिल्या वर्षी धुकं लई व्हतं, जावईबापू. पंचांना आमी दिसलोच न्हाई." ऐकू तर आले असतील, हे वाक्य मी चकलीबरोबर गिळायचो. दुसऱ्या वर्षी दमट हवेनं ढोलाचं कातडं सैलावलं, ते मामांनी भज्यांच्या चुलीवर शेकलं आणि जाळलं. तिसऱ्या वर्षी माकडानं झांज पळवली. "त्यानं बरी वाजवली असती," मामी आतून म्हणायच्या. अशी बारा वर्षं. नंबर एकदाही नाही.

निवृत्तीआधी एक ढाल मिळावी, एवढंच मामांचं मागणं होतं. तिसऱ्या नंबरचीही चालली असती. शेवटच्या वर्षी शाळेच्या मैदानात चिखल, म्हणून सरावासाठी त्यांनी पंचक्रोशीतल्या प्रत्येक मिरवणुकीत बँड फुकट घुसवला. पालखी, वरात, सरपंचाचा गुलाल, काही सोडलं नाही. मिरवणुकीची रीत ठरलेली: देऊळ आलं की थांबायचं, देवाकडं वळून आरती वाजवायची, नारळ फुटला की पुढं.

स्पर्धेला शाळेचं निशाण धरायला मला नेलं. मला टाळ्यासुद्धा तालात वाजवता येत नाहीत. पण पोरं अशी चालली, की पंच खुर्चीत सरसावून बसले. मामांनी माझं मनगट आवळलं. "आता न्हाई सुटत ढाल!"

तेवढ्यात मैदानाच्या कडेला मारुतीचं इवलंसं देऊळ आलं. अख्खा बँड थांबला, वळला आणि आरती सुरू. आणि वाटेत थांबेल तो बाद, असा स्पर्धेचा नियम!

"मामा, शिट्टी मारा! पुढं काढा त्यांना!"

मामांनी शिट्टी ओठांपर्यंत नेली, देवळाकडं पाहिलं आणि खाली घेतली. "देवापुढनं पोरं हाकलू व्हय?"

आरती संपली तरी पोरं हलेनात. नारळ कुठं फुटला होता? शेवटी मीच टपरीवरून नारळ आणून फोडला. पंचांनी तोवर आमच्या नावावर काट मारली होती.

परतीच्या एस.टी.त ओतूर मागं पडलं. मी मनात सांत्वनाची वाक्यं जुळवत होतो, तर मामाच म्हणाले, "तीस पोरं, जावईबापू. थांबताना एकाचंबी पाऊल मागंपुढं झालं न्हाई. बगितलं ना तुमी?"

"बघितलं, मामा."

मामा निवृत्त झाले, काही वर्षांत स्पर्धाही बंद पडली, आणि आता मामाही नाहीत. त्यांनी काय मिळवलं, असं कुणी विचारलं तर माझी पंचाईत होते. तीस पोरांच्या टाचा एकदम जुळल्याचा आवाज तोंडानं काढून दाखवता येत नाही.