उंबरातली सोयरीक

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी उंबरं फोडत होते. कॉलेजमागच्या झाडावरून पिकायच्या बेतातली फळं आणायची, चिरायची आणि आतल्या बारीक किड्यांत नर किती, माद्या किती ते भिंगाखाली मोजून वहीत लिहायचं. काही फळांत नर अगदी थोडे निघत. अशा उंबरात एकच मादी शिरून अंडी घालून गेलेली असते, म्हणजे आतले सगळे किडे सख्खी भावंडं. नर आतच बहिणींशी जुगतात आणि बहुतेक तिथेच मरतात. मग जास्त नर हवेत कशाला? हे कळलं तेव्हा मला आपण फार हुशार असल्यासारखं वाटलं.

त्याच उन्हाळ्यात काटोलची आत्या थोरल्या मुलासाठी मला मागायला आली. आमच्यात भाची सून करून नेणं मानाचं. आत्याही स्वतः आपल्या आत्याच्याच घरी दिलेली. बाबांचा होकार जवळजवळ झालाच होता. मुलगा चांगला होता. मला पुढे शिकायचं होतं, पण बाबांसमोर ते बोलायची छाती नव्हती.

मग मी शहाणपणा केला. आत्या घरातल्या माझ्या टेबलाशी येऊन भिंगात डोकावली.

"काय पाहून राहिली वं?"

मी सगळं सांगितलं. वर म्हटलं, "किड्यायचं चालते आत्या, पण माणसायत जवळच्या रक्तात लग्न केलं तं लेकरायत दोष येते."

उंबर फोडून केंबरं काढू नयेत, झाकलेलं उकरू नये म्हणतात, ते उगाच नाही. तिच्या धाकट्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. बोलताना ते माझ्या ध्यानात नव्हतं, असं मला आजही म्हणवत नाही.

आत्या भिंगापासून उठली. "म्हंजे माह्या लहान्याचे कान माह्या लग्नानं गेले?"

एका पोरावरून तसं सांगता येत नाही, हे मला परीक्षेपुरतं पक्कं येत होतं. ते न सांगता मी पुढचं उंबर चिरायला घेतलं.

बाबांना तिनेच सांगितलं, "पोरीले शिकू दे गा दादा. मी दुसरीकडं पाहतो."

दुसऱ्या दिवशी मी तिला बसवर सोडायला गेले. माझं काम झालं होतं आणि मला स्वतःची लाज वाटत होती. माझ्या हातातली पिशवी घेताना ती हळूच म्हणाली, "तू सांगतलं ते माह्या घरी कोनाले बोलू नको वं. आजवर कोनं मले बोल नाही लावला."