जिवंत बाईला सम फुलं

बल्गेरियातल्या लोम गावच्या बाजारात गेर्गिनाच्या बेकरीला लागून माझा फुलांचा ठेला आहे, त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचा हक्क तिच्या नातेवाइकांपेक्षा मला जास्त आहे. नातेवाईक म्हणजे तरी एकच, धाकटा भाऊ ल्युबेन, आणि तो गेली तीन वर्षं तिच्याशी बोलत नव्हता.

भांडण जमिनीवरून नव्हतं की घरावरून नव्हतं. एका ताऱ्यावरून होतं. फोनच्या नकाशात दुकानांना लोक पाचपैकी तारे देतात. गेर्गिनाच्या बेकरीला आख्ख्या गावात एकाच माणसाने तारा दिला होता, तोही एकच, आणि तो माणूस ल्युबेन. खाली लिहिलं होतं, "बनित्सा कोरडी. आईची अशी नसायची."

ल्युबेन वॉशिंग मशीन दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात तारे वाटतो. न्हाव्याला एक, बसथांब्याला एक, डॅन्यूब नदीला एक, का तर पाणी मळकट. हात सैल सुटला तो एकदाच. गावाच्या दफनभूमीला, जिथे त्यांची आई आहे, त्याने दोन तारे दिले. "शांत. पण चढ फार."

गेर्गिनाच्या दुकानात सगळं ताजं मिळतं, गोड शब्द तेवढे मिळत नाहीत. सुट्टे पैसे नसले की ती गिऱ्हाइकाचं आजोळ काढते. पण पहाटे उठून पातळ पदरांत चीज भरून ती जी बनित्सा भाजते, तिला कोरडी म्हणायला माणूस निगरगट्टच पाहिजे. रोज सकाळी ती मला तो मजकूर वाचून दाखवायची. भाऊ राहतो बाजाराच्या त्या टोकाला, मध्ये एक बंद पडलेलं कारंजं. उठून जावं आणि दोन मुस्कटात ठेवून यावं, एवढं साधं काम. पण नाही. "मला तो तारा पुसून हवाय," एवढंच म्हणायची. तिला तारा नको होता, भाऊ परत हवा होता, हे न कळायला मी काही दगड नाही.

अशात सियाना उगवली. तीन वर्षांची असताना आईबापांनी व्हॅलेन्सियाला नेलेली पोरगी, आता लॅपटॉप घेऊन परत आलेली. बल्गेरियन फाडफाड बोलते, वाचताना मात्र अडखळते. गावातल्या दुकानांना इंटरनेटवर जाहिरात शिकवते.

"मावशी, तारा पुसता येत नाही," ती गेर्गिनाला म्हणाली. "पण त्याच्या वर इतकं चांगलं चांगलं आणायचं, की तो खाली दबून जाईल."

"दबायला नको. त्याला सगळे तारे दिसले पाहिजेत. त्याचाही आणि लोकांचेही."

"मग तुमचा चेहरा दाखवू. हल्ली लोकांना जाहिरात नको असते, माणूस हवा असतो. फोटो काळा-पांढरा, मजकूर थोडका, आणि शैली एकदम इथली. आठवडाभर बघितलंय मी, इथे लोक काय थांबून वाचतात ते."

गेर्गिनाने केस बरे दिसतायत ना एवढं विचारलं आणि ओव्हनकडे वळली. मी लग्नाच्या हारात गुंतले होते. इथली शैली म्हणजे कुठली, हे आम्हा दोघींपैकी एकीनेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेतले जुने मास्तर माझ्यासमोर टोपी काढून उभे राहिले. "मिल्का, सहा कार्नेशन दे."

आमच्याकडे सम फुलं मेलेल्यांची. जिवंत माणसाला विषम. माझ्या धंद्यात नुसत्या आकड्यावरून कुणाच्या घरात काय चाललंय ते कळतं. "कोण गेलं, मास्तर?"

"शेजारी असून मला विचारतेस?"

त्यांनी खांबाकडे बोट केलं. आमच्या गावात माणूस गेला की, आणि पुढे वर्षश्राद्धांनाही, त्याचा कागद खांबावर, झाडावर, दारावर लागतो, आणि येणारा-जाणारा तो शेवटपर्यंत वाचतो. तिथे मागच्या आठवड्यात गेलेला कसाई आणि दहा वर्षांपूर्वी गेलेली शिंपीण यांच्या मधोमध, काळ्या चौकटीत, गेर्गिना. खाली लिहिलेलं, "पंचवीस वर्षं तुमच्यासाठी पहाटे उठली. धन्यवाद."

तेवढ्यात बेकरीतून तिचा आवाज आला. ओव्हनला शिव्या घालत होती. मास्तरांचा रंग उडाला. मी त्यांची सहा फुलं आधी विकली आणि मग सांगितलं.

सियानाने तोच फोटो इंटरनेटवरही चढवला होता. दुपारपर्यंत जर्मनीतून, स्पेनमधून, जिथे म्हणून आमची पोरं भांडी घासतात आणि ट्रक चालवतात, तिथून लोक लिहीत होते. देव तिला क्षमा करो. तिच्या बनित्सावर मी मोठा झालो. माझ्याकडे पैसे नसले की उद्या दे म्हणायची, आणि उद्या मागायची नाही. पाच तारे, पाच तारे, पाच तारे. ज्याने मागच्याच महिन्यात चीज कमी म्हणून तिच्याशी हुज्जत घातली होती, त्याने तर कविताच लिहिली. कोपऱ्यावरची म्हातारी श्राद्धाचे उकडलेले गहू घेऊन आली, गेर्गिनाने स्वतःच त्यातले दोन चमचे खाल्ले आणि साखर कमी असल्याचं सांगितलं. काही लोक तर तिला जिवंत बघून चक्क रागावले. रडलेलं वाया गेलं की माणूस चिडतोच.

"मावशी, इतका रीच मी आयुष्यात बघितला नाही," सियाना नाचत आली. मी तिला कागदाचा अर्थ सांगितला तेव्हा ती पिठाच्या पोत्यावर मटकन बसली. "मला वाटलं ती दुकानांची जाहिरात असते," ती म्हणाली. "सगळे इतकं मन लावून वाचतात." मग घाईघाईने फोन काढला. "आत्ता काढून टाकते."

"थांब," गेर्गिना म्हणाली. "त्याने अजून वाचलं नाहीये."

मग ती काचेजवळ स्टूल टाकून बसली. गिऱ्हाईक येत होतं, खात होतं, तिच्याकडे वळून वळून बघत होतं. तिचे डोळे कारंज्यापलीकडे. ऊन कलायला लागलं तशी ती बारीक आवाजात म्हणाली, "मी मेले तरी येत नाही, मेला." मला तेव्हा तिची इतकी दया आली की मी फुलांना पाणी घालायचं निमित्त काढून बाहेर आले.

आणि समोर ल्युबेन. इस्त्रीचा शर्ट, नखांत ग्रीस तसंच.

"आठ गुलाब दे," तो म्हणाला. पैसे त्याने न मोजताच पुढे केले. "कोरडी नव्हती गं ती बनित्सा. मला आईची आठवण आली होती. ते लिहायला तिथे जागा कुठे असते?"

मी सांगू शकले असते. पण तीन वर्षं मी तो मजकूर रोज ऐकला होता, मलाही काही हिशेब चुकते करायचे होते. मी गुलाबांना काळी फीत बांधली आणि दाराकडे बोट केलं.

तो आत गेला, मी मागोमाग. ती स्टुलावरून उठली. तिने आधी त्याच्या हातातली फुलं मोजली.

"आठच?" गेर्गिना म्हणाली. "बहिणीला दहा आणायची ऐपत नव्हती?"

त्याचा चेहरा एकदा पांढरा झाला, एकदा लाल. मग त्याने काळी फीत सोडली, जुडीतला एक गुलाब ओढून काढला, मागे वळून माझ्या हातात कोंबला आणि उरलेले पुढे केले. "सात आहेत. धर, ताई."

"हात धुऊन ये आधी."

त्याला बसवून तिने बनित्साचा मधला तुकडा वाढला आणि डोक्यावर उभी राहिली. "कोरडी?"

तोंड भरलेलं होतं, डोळेही. "पाणी दे," तो म्हणाला. तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सियाना धावत आली. खांबांवरचे कागद तिने खरवडून काढले होते, पण चेहरा पडलेला. "मावशी, तुमच्या भावाने मजकूर बदललाय. 'बनित्सा बरी. मालकीण उद्धट. जिवंत आहे.' आणि तारे दोनच. इतक्या पाचांमध्ये वाईट दिसतं. खाली दाबू?"

"हात लावून बघ. सगळ्यात वर ठेव तो."

"पण दोनच आहेत."

"दोनच," गेर्गिना म्हणाली. सात गुलाब लोणच्याच्या बरणीत घालून तिने गल्ल्यापाशी ठेवले होते, ते उगाच सारखे केले. "आईच्या बरोबरीला नेऊन बसवलंय गाढवानं मला."