इंजिनावरचा हार
जळक्या रबराचा वास आला की मला गोत्रीतल्या आमच्या सोसायटीतला तो दसरा आठवतो. रिफायनरीत फिटर असलेल्या दादाने आमच्या जुन्या छोट्या गाडीला सुपरचार्जर बसवला होता, इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारा. पूजा झाल्यावर इंजिनावर घातलेल्या झेंडूच्या हाराकडे बघत मी विचारलं, "हार काढू?" आई म्हणाली, "आज काढायचा नसतो." उघड्या बॉनेटखाली वाकून दादा म्हणाला, "चाल, रेस दे." गाडीत बसून मी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला. इंजिन किंचाळलं, हार सुपरचार्जर फिरवणाऱ्या रबरी पट्ट्यात ओढला गेला, तो खेचायला दादाने हात घातला आणि झेंडूच्या पाकळ्यांबरोबर त्याची दोन बोटं उडाली. आई अजून दैवाला दोष देते. दोऱ्यातला हार तुटून गेला असता. मी तो तारेत ओवला होता, हे तिला सांगितलेलं नाही.